दूध आहे, बाळाला ओढता येत नाही

सातारा असो वा सांगली, बाळ सारखं रडू लागलं की ‘बाईला दूधच पुरत नाही’ असा निकाल घरात लागतो आणि बाटली येते. अनेकदा आईला दूध असतं, बाळाला ते ओढता येत नसतं.

जिभेखालची पट्टी आखूड असली, की जीभ खालच्या हिरडीपुढे येत नाही. रडताना तिचं टोक बदामासारखं दुभंगतं. पिताना चटचट आवाज होतो, स्तनाग्र चेपून निघतं, भेगा पडतात.

पण म्हणून लगेच पट्टीला कात्री नको. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०२४ चा अहवाल सांगतो, की अशा बाळांपैकी निम्म्याहून कमी जणांनाच पिताना अडचण येते. पुष्कळदा बाळाला नीट छातीशी धरलं की भागतं. तरीही वेदना थांबत नसतील, वजन वाढत नसेल, तर पट्टी कापणं हा काही क्षणांचा उपाय आहे. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात त्यानं आईचं दुखणं कमी झालेलं दिसलं. मात्र त्यातली बाळं होती अवघी ३०२.

गावातल्या आशा कार्यकर्त्या पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात. वजनाबरोबर त्यांनी एकदा पूर्ण पाजणं पाहावं, शंका आल्यास बाळाला मिरज किंवा कऱ्हाडच्या रुग्णालयात धाडावं. दोन्ही जिल्हा परिषदांनी ही सोय लावलीच पाहिजे.