मानधनातील धन

परदेशात राहून गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलावंताविषयी मराठीत लिहिण्याची वेळ आली की आपल्या लेखणीला दोनच क्रियापदे सुचतात. एक, झेंडा रोवणे. दुसरे, साधना करणे. पहिल्यात कलावंत सेनापती होतो आणि सातासमुद्रापार मुलूख जिंकत सुटतो. दुसऱ्यात तो योगी होतो आणि परक्या भूमीवर एकांतात नादब्रह्माची उपासना करतो. सेनापतीला घरभाडे भरावे लागत नाही आणि योग्याला आयकर. त्यामुळे गौरवांकांत, मुलाखतींत आणि विद्यापीठीय निबंधांतही हा माणूस सकाळी उठतो कसा, दिवसभर करतो काय आणि महिन्याची हातमिळवणी साधतो कशी, याचा पत्ता लागत नाही. आमचे म्हणणे असे की ही दोन्ही रूपके केवळ जुनी झालेली नाहीत. ती मुळातच खोटी आहेत, आणि त्यांच्या खोटेपणामुळे संगीताविषयीची आपली समीक्षाही चुकते.

प्रथम शब्दांचा खुलासा. मराठीत 'संगीतकार' म्हटले की चित्रपटाला चाली देणारा डोळ्यांपुढे येतो. येथे तो अर्थ अभिप्रेत नाही. ज्याच्या पाठीशी ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी नाही, वाद्यवृंदातली कायम नोकरी नाही, संस्थानिक तर नाहीच नाही. जो स्वतःच रचतो, स्वतःच वाजवतो, स्वतःच ध्वनिमुद्रण करून स्वतःच विकतो, त्याला आम्ही स्वतंत्र संगीतकार म्हणतो. असे कलावंत जगभरातून ज्या शहरांत येऊन राहिले त्यांत बर्लिनचे नाव ठळक आहे. तेव्हा बर्लिनचेच उदाहरण घेऊ.

युरोपीय संघाबाहेरून आलेल्या वादकाला तेथे राहून काम करायचे तर स्वतंत्र व्यावसायिकाचा निवासपरवाना लागतो. त्यासाठी वाद्य वाजवून दाखवावे लागत नाही. आरोग्य विमा, पत्त्याची नोंदणी, उत्पन्नाचा अंदाज आणि 'आम्ही यांना काम देऊ इच्छितो' अशी पत्रे दाखवावी लागतात. म्हणजे वर्षातले कित्येक दिवस हा कलावंत पत्रे जमवत असतो. सकाळ ई-मेल लिहिण्यात जाते: कार्यक्रमाची विचारणा, विचारणेची आठवण, आठवणीची आठवण. दुपारी शिकवण्या. संध्याकाळी वाद्य पाठीवर टाकून ध्वनिचाचणीला. रात्री कार्यक्रम आणि उत्तररात्री घर. छोट्या जागी ठरीव रक्कम क्वचितच मिळते. तिकिटांच्या विक्रीतला हिस्सा मिळतो, किंवा कार्यक्रमाच्या शेवटी श्रोत्यांतून टोपी फिरते. आपल्याकडे आरतीचे ताट फिरते तशी; फरक इतकाच की ताटात पडते ते देवाचे असते आणि टोपीत पडते त्यावर घरभाडे असते. वाजवलेल्या रचनांची यादी स्वामित्वधन गोळा करणाऱ्या संस्थेकडे गेली नाही तर स्वतःच्याच रचनेचा मोबदला हातचा जातो. रियाज या साऱ्याच्या फटीत बसवावा लागतो. योगी म्हणावे असे या दिवसात आम्हांला काही दिसत नाही. दिसतो तो कारकून, शिक्षक, हमाल, मुनीम, आणि उरलेल्या वेळात वादक.

याच शहराने आपल्या संगीताचा अभिमान कसा मिरवला तेही पाहण्यासारखे आहे. मार्च २०२४ मध्ये बर्लिनच्या टेक्नो संगीतसंस्कृतीची नोंद जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस वॉटरगेट हा तेथील नामांकित क्लब बंद झाला, आणि शहराच्या २०२५ च्या अंदाजपत्रकात संस्कृतीच्या वाट्यातून सुमारे १३ कोटी युरोंची कपात करण्यात आली. मान वाढला, धन घटले. मराठी वाचकाला ही रीत अपरिचित वाटण्याचे कारण नाही.

कारण 'मानधन' हा शब्द आपला आहे. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला द्यावयाच्या पैशासाठी मराठीत शब्दांची कमतरता नव्हती. बैठकीच्या गवयाला बिदागी मिळे, म्हणजे निरोप देताना ठेवलेली रक्कम. तमाशाच्या फडात उचल होती; ती आगाऊ घेतलेली, आणि म्हणून कलावंताला बांधून टाकणारी. कार्यक्रमाचे बोलणे पक्के झाले की सुपारी. हे तिन्ही शब्द व्यवहाराचे आहेत. त्यांत कोणी कोणाला केव्हा काय दिले, हे स्पष्ट आहे. सभ्य मध्यमवर्गाने कला आपल्या घरात घेतली आणि व्यवहाराची लाज वाटून 'मानधन' हा शब्द पुढे केला. त्यात मान आधी आणि धन नंतर. आणि धन द्यायचे राहून गेले तरी मान दिला गेल्याचे समाधान आयोजकाला उरतेच. परदेशातील हौशी मंडळांच्या आणि घरगुती बैठकींच्या व्यवहारात हाच शब्द चालतो. यजमानाच्या घरी मुक्काम, पुरणपोळीचे जेवण, शाल-श्रीफळ, कौतुक. आणि रकमेचा विषय निघाला की सर्वांच्या नजरा खाली. इंग्रजी बोलणारा आयोजक 'एक्स्पोजर मिळेल' म्हणतो, मराठी आयोजक 'घरचेच कार्य आहे' म्हणतो. भाषा दोन, हिशेब एकच.

संगीताविषयीच्या आपल्या लेखनाने ही लाज जशीच्या तशी उचलली आहे. वामनराव देशपांडे यांचा 'घरंदाज गायकी' हा ग्रंथ मराठीचे भूषण आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. घराण्यांचे सौंदर्यशास्त्र स्वर आणि लय यांच्या परस्परसंबंधातून मांडण्याची त्यांची पद्धत आजही वर्गात शिकवावी अशी आहे. वामनराव व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट होते. इतरांचे जमाखर्च तपासण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांनी घराण्यांची मांडणी केली ती मात्र सौंदर्याच्या अंगाने. जमाखर्चाच्या अंगाने करावी अशी अपेक्षा त्यांच्याकडून कोणी केली नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर ते शोधत होते त्याला ती मांडणी पुरेशी होती. त्यांच्यानंतरच्या आपण सर्वांनी दुसरा प्रश्न विचारलाच नाही, हा आक्षेपाचा मुद्दा आहे. बालगंधर्वांच्या कर्जाची कथा आपण किती वेळा सांगितली असेल? पण ती नेहमी औदार्याची, रसिकतेची आणि नियतीची कथा म्हणून. नाटक मंडळी चालवण्याचा खर्च, पगार, प्रवास, तिकिटांचे उत्पन्न यांचा इतिहास म्हणून ती क्वचितच सांगितली गेली. कर्जालाही आपण अलंकार करून टाकले.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे, आणि तो हलका नाही. कलावंताचे भाडे, व्हिसा, विमा हा समाजशास्त्राचा विषय झाला. समीक्षेने कलाकृतीकडे पाहावे. कृतीचे मूल्य कृतीत असते, कर्त्याच्या पासबुकात नसते. हे तत्त्व आम्हांलाही मान्य आहे. परंतु कृतीकडेच नीट पाहायचे तर हा दिवस टाळता येत नाही, असे आमचे प्रतिपादन आहे.

लूपरचे उदाहरण घ्या. पायाशी ठेवलेल्या पेटीने वादक आपलेच चार आवर्तनांचे वादन टिपून घेतो, ते फिरत ठेवतो आणि त्यावर दुसरा, तिसरा थर चढवतो. एकटा माणूस चौघांचे संगीत करतो. अशा वादनावर लिहिताना 'उत्तर-आधुनिक माणसाचे एकाकीपण', 'स्वतःशीच चाललेला संवाद' अशी वाक्ये सहज हाती येतात. प्रत्येक वेळी ती चुकीची असतील असे नव्हे. पण चौघांचा रेल्वेप्रवास, चौघांचा मुक्काम आणि चार व्हिसा परवडत नाहीत म्हणून तीन वादक गळाले आणि त्यांच्या जागी पेटी आली, ही शक्यता ज्या समीक्षकाच्या मनात येतच नाही तो एकाकीपणावर जे लिहितो ते कितपत विश्वसनीय? एकाकीपण तेथे आहेच. पण त्याला दर आहे.

दुसरे उदाहरण प्रवाही श्रवणाचे. स्पॉटिफायवर श्रोत्याने ३० सेकंद ऐकले की एक श्रवण मोजले जाते. तेव्हा पहिल्या ३० सेकंदांत श्रोत्याला धरून ठेवणे ही आता व्यावसायिक अट आहे. संथ आलापीने उलगडणाऱ्या संगीताला ही अट कशी जाचत असेल, हे वेगळे सांगायला नको. शिवाय २०२४ पासून ज्या ध्वनिमुद्रणाला मागील १२ महिन्यांत किमान १,००० श्रवणे मिळालेली नाहीत त्याला ध्वनिमुद्रणाच्या स्वामित्वधनातून काहीही मिळत नाही. श्रोत्याने भरलेली वर्गणी त्याने ऐकलेल्या कलावंताकडेच जाते, असा अनेकांचा समज आहे. तोही खरा नाही. पैसा मुख्यतः एकत्र गोळा होतो आणि एकूण श्रवणांतील हिश्श्यानुसार वाटला जातो. धाराशिवचा एखादा विद्यार्थी महिनाभर एकाच अनवट वादकाला ऐकत राहिला तरी त्याच्या वर्गणीचा मोठा भाग भलत्याच लोकप्रिय गाण्यांकडे जातो.

आता उलट बाजू पाहू. अमेरिकन सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन १९६२ ते १९७६ या काळात मुख्यत्वे युरोपात, त्यातही कोपनहेगनमध्ये राहिला. हे दिवस जॅझच्या इतिहासात स्वखुशीच्या निर्वासनाची रम्यकथा म्हणून सांगितले जातात. त्या कथेत एक साधी गोष्ट मागे पडते. मोंमार्त्र या जॅझ क्लबात त्याला सलग कार्यक्रम मिळत; पियानोवर केनी ड्रू, बासवर नील्स-हेनिंग ऑर्स्टेड पेडरसन, ड्रम्सवर अॅलेक्स रील अशी साथ पुनःपुन्हा लाभे. तीच जागा, तीच साथ, उद्याच्या कामाची शाश्वती. तेथील ध्वनिमुद्रणांत त्याचे वादन ज्या निवांतपणे पसरते त्याचे श्रेय प्रतिभेला द्याच. पण थोडे त्या शाश्वतीलाही द्या. प्रतिभेला पसरायला जागा लागते, आणि जागेला भाडे लागते.

समाजाने ठरवले तर ही जागा करता येते, याचेही दाखले आहेत. जर्मनीत १९८३ पासून कलावंतांसाठी सामाजिक विम्याची व्यवस्था आहे. कलेतून वर्षाला ३,९०० युरोंहून अधिक कमावणारा स्वतंत्र कलावंत विम्याचा निम्मा हप्ता भरतो. उरलेला निम्मा कलेचा व्यावसायिक उपयोग करणाऱ्यांवरील आकारणीतून आणि सरकारी अनुदानातून येतो. फ्रान्समध्ये १२ महिन्यांत ५०७ तास काम केलेल्या रंगकर्मी-वादकांना कामांमधल्या रिकाम्या काळात बेकारी भत्ता मिळतो. आयर्लंडने २०२२ मध्ये २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो देण्याचा प्रयोग सुरू केला. या व्यवस्था निर्दोष नाहीत. पण त्यांच्या मुळाशी एक सरळ विधान आहे: कला हे काम आहे. हे विधान उच्चारायला मराठी अजून लाजते.

सीमा ओलांडली की हिशेब आणखी कडक होतो. अमेरिकेत वाजवू इच्छिणाऱ्या परदेशी वादकाला स्वतःच्या नावे अर्ज करता येत नाही. तेथील आयोजकाने किंवा एजंटाने तो करावा लागतो, संघटनेचे मतपत्र जोडावे लागते. एप्रिल २०२४ मध्ये या अर्जाचे शुल्क ४६० डॉलरांवरून हजारावर गेले. लहान आणि ना-नफा संस्थांनाही ५०० च्या वर मोजावे लागू लागले. करारात सूट नसेल तर अनिवासी कलावंताच्या ढोबळ रकमेतून ३० टक्के कर कापला जातो; खर्च वजा होण्यापूर्वी. ब्रिटिश वादकांना २०२१ पासून शेंगेन देशांत १८० दिवसांतले ९० दिवसच मिळू लागले तेव्हा मोठा गहजब झाला. तो रास्तच होता. भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्या तबलजीला मात्र ही नवलाई नव्हती. तो आधीपासून रांगेत उभाच होता. या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आपण 'झेंडा रोवणारा' म्हणतो, यापरती थट्टा कोणती?

'त्यांना कोणी जा म्हटले होते?' हा दुसरा आक्षेप. कोणीच नाही. पण निवड स्वतःची असली म्हणून काम काम राहत नाही काय? प्राध्यापकानेही अध्यापन स्वेच्छेने निवडलेले असते. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या आमच्या तरुण मित्रांना 'ज्ञानदान हेच वेतन' असे कोणी सांगितले तर ते काय म्हणतील, हे या लेखाच्या वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही. मानधन या शब्दाचा अर्थ त्यांना कोशात पाहावा लागत नाही.

म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांकडे आणि अध्यापकांकडे आमची मागणी नेमकी आहे. दलित आत्मकथनांनी पोट, मजुरी आणि अंतर हे विषय मराठी साहित्याच्या केंद्रस्थानी आणले, तेव्हा 'हे समाजशास्त्र आहे' असे म्हणणारे होतेच. आज तसे म्हणण्याचे धाडस वर्गात कोणी करणार नाही. तोच न्याय संगीताविषयीच्या लेखनाला लावा. कलावंताचे चरित्र लिहाल तेव्हा गुरू कोण, घराणे कोणते हे जरूर विचारा. त्याबरोबरच भाडे किती, शिकवण्या किती, टोपीत काय पडले हेही विचारा. लज्जेपोटी गाळलेला आकडा हा गाळलेला श्लोकच समजा. त्यावाचून संहिता अपुरी राहते. आणि गौरवग्रंथासाठी कोणी सातासमुद्रापारच्या झेंड्यावर लेख मागितला, तर लिहिण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्या: त्या कलावंताला कार्यक्रमाचे किती मिळाले, आणि तुम्हांला लेखाचे किती मिळणार आहेत.