भाताच्या गावात रोपांसाठी दिवा

रायगडमधल्या कर्जत तालुक्यात, कशेळे परिसरात रोपाचे महत्त्व कोणाला शिकवावे लागत नाही. उन्हाळ्यात कवळ, पालापाचोळा आणि शेण रचून राब भाजायचा, पावसाच्या तोंडावर त्यात भात पेरायचे आणि तीन-चार आठवड्यांनी मुठी बांधून लावणीला न्यायच्या, हे इथले पिढ्यान्‌पिढ्यांचे वेळापत्रक. रोपांचे हे आवण बिघडले तर वर्ष बिघडले, हे घरातले लहान मूलही जाणते. पण हीच घरे भात कापल्यावर वांगी, मिरची, टोमॅटो लावायला निघतात तेव्हा रोपवाटिकेच्या दारात उभी राहतात. जे वाण असेल ते आणि ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी घेतात. घरातल्या एका फळीवर चार साध्या एलईडी ट्यूब टांगून ही रोपे स्वतः करणे कर्जत-खालापूर पट्ट्यात शहाणपणाचे आहे, असे माझे म्हणणे आहे. मात्र त्यातून पैसे वाचतील या आशेने कोणी हे करू नये. या दिव्याचा उपयोग एकच, लावणीची तारीख आपल्या हातात ठेवणे.

तारखेला इतके महत्त्व का? हळवे भात ऑक्टोबरमध्ये निघते तेव्हा खाचरात अजून ओल असते. ही ओल थोड्या दिवसांची पाहुणी. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा राइस टेक्निक, म्हणजे एसआरटी, याच ओलीचा हिशेब मांडते: कायमचे गादीवाफे, नांगरणी नाही, चिखलणी नाही, भात कापला की मुळे जमिनीतच ठेवून त्याच वाफ्यावर पुढचे पीक. या पद्धतीने भाताची लावणी टाळली, पण वांगी-मिरचीची लावणी उरलीच. त्या दिवशी हाताशी तयार रोप नसेल तर नांगरणीतून वाचवलेला वेळ रोपांची वाट पाहण्यात जातो. भिवपुरीच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर चालणाऱ्या राजनाल्याकाठच्या गावांना थोडी सवड मिळते. बाकीच्यांना ती नाही. आणि रोप ऑक्टोबरात हवे असेल तर बी गणपती-पितृपक्षाच्या सुमारास पेरावे लागते, म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात नेमके तेव्हा, जेव्हा परतीच्या सरी वाफे धुऊन नेतात आणि दमट मातीत कोवळी रोपे बुडाशी कुजून आडवी पडतात.

दिव्याचा विषय निघाला की पहिली चूक होते ती जांभळ्या दिव्याची. बाजारात ‘ग्रो लाइट’ म्हणून मिळणारे लाल-निळे दिवे शास्त्राला धरून आहेत; पाने लाल आणि निळा प्रकाश सर्वाधिक शोषतात. पण पान हिरवा प्रकाशही बऱ्यापैकी वापरते, हे संशोधक मॅकक्री यांच्या १९७२च्या मोजमापांपासून ठाऊक आहे. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. शुजी नाकामुरा यांनी १९९३मध्ये तेजस्वी निळा एलईडी साधला आणि त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर चढवून पांढरा दिवा बनला. म्हणजे निळा, हिरवा, पिवळा आणि थोडा लाल, असे सगळे रंग घरातल्या ट्यूबमध्ये आधीच आहेत. शिवाय पांढऱ्या उजेडात पान पिवळे पडले, मावा बसला, बुरशी धरली तर डोळ्याला दिसते. जांभळ्या उजेडात सगळेच काळपट. महागड्या दिव्यांच्या खोक्यावर छापलेले ‘हजार वॅट’ही पुष्कळदा प्रत्यक्ष वीजवापराचे नसतात. त्यापेक्षा साध्या ट्यूबवरचा ल्युमेनचा आकडा वाचावा. आणि ती आता स्वस्त आहे: २०१५मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेच्या घाऊक खरेदीत एलईडी बल्बचा दर ३१० रुपयांवरून ३८ रुपयांपर्यंत उतरला, त्याने सगळा बाजारच खाली आणला.

आता हिशेब. चार फूट लांब, दोन फूट रुंद फळीवर ९८ कप्प्यांचे चार प्रो-ट्रे बसतात, म्हणजे ३९२ रोपे. वर २० वॅटच्या चार ट्यूब, प्रत्येकी सुमारे दोन हजार ल्युमेनच्या, साखळीला टांगून रोपांच्या शेंड्यापासून वीतभर उंचीवर. मागे-बाजूंना पांढरा कागद लावला की रोपांवर सात-आठ हजार लक्स उजेड पडतो. माणसाला झगझगीत वाटणाऱ्या खोलीत तो काहीशेच असतो. म्हणूनच खिडकीत ठेवलेली रोपे उजेडाकडे मान लांबवून काटकुळी होतात. सोळा तास दिवा आणि आठ तास अंधार ठेवला तर रोजचे सव्वा युनिट जळते. पंधरा दिवसांचे एकोणीस युनिट. युनिटमागे आठ रुपये धरले तर दीडशे रुपये, रोपामागे चाळीस पैसे. महिनाभर दिवा ठेवला तर हा खर्च दुप्पट होतो आणि ट्रे, कोकोपीट, बियाणे धरून रोपवाटिकेशी स्पर्धा उरत नाही. म्हणून दिवा उगवणीपासून दोन खरी पाने येईपर्यंतच. पुढे रोपे पडवीत, मग हळूहळू उन्हात काढायची. एवढ्याने ती कणखर होतात.

सर्वांत वजनदार आक्षेप सूर्याचा आहे. दाट ढगांच्या दुपारीही उघड्यावर दहा हजार लक्सच्या आसपास उजेड असतो, आपल्या चार ट्यूबांपेक्षा जास्त. मग वीज का जाळायची? आक्षेप खरा आहे, आणि ज्याच्याकडे वरून प्लास्टिक, बाजूंनी कीडरोधक जाळी असलेले शेडनेट आहे त्याने दिवा अजिबात घेऊ नये. पण दोन-चार गुंठे भाजी करणाऱ्याला तेवढ्यासाठी शेडनेट परवडत नाही, आणि त्याच्याविना उघड्यावर सूर्यासोबत सरी, वारा आणि पांढरी माशीही येते. या माशीमार्फत मिरचीला बोकड्या (चुरडा-मुरडा) रोपवयातच लागला तर पुढे औषधाचा उपयोग नाही. घरातली फळी हे शेडनेटचे गरीब भावंड आहे. दमट घरात मर लागू नये म्हणून पाणी खालून द्यावे आणि छोटा पंखा फिरता ठेवावा.

दुसरा आक्षेप विजेचा. देशातल्या सुरुवातीच्या मोठ्या जलविद्युत केंद्रांपैकी खोपोलीचे १९१५मध्ये आणि भिवपुरीचे १९२२मध्ये याच दोन तालुक्यांत उभे राहिले. वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. डोंगरालगतच्या वाड्यांत पावसाळ्यात ती आजही जाते-येते. पण रोप दिवसभराच्या एकूण उजेडावर जगते; चार तास गेले तर रात्री भरून काढता येतात, एखादा दिवस अंधारात गेला तरी ते मरत नाही. खरा धोका ओल्या हातांचा आणि २३० व्होल्टचा आहे. बल्ब फोडून पट्ट्या काढण्याचे घरगुती प्रयोग करू नयेत. बंद पट्टीच्या ट्यूब, अर्थिंग असलेला सॉकेट, गळती ओळखणारा आरसीसीबी आणि ट्रेच्या पातळीवर एकही जोड नाही, एवढे पाळणे ही किमान अट आहे.

उरतो प्रश्न, एवढ्या खटाटोपाने हाती काय लागते? तारीख तर लागतेच, पण वाणही लागतो. रोपवाटिका खपणारे वाण करते, आणि त्यात तिचा दोष नाही. परसातल्या वांग्याचे राखलेले बी तिच्या ट्रेमध्ये कधीच पडणार नाही. कशेळ्यातच अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांत धान्य बँका उभ्या केल्या आणि भाताच्या देशी वाणांच्या जतनाचे काम केले. बी गावाच्या हातात असावे हा विचार इथे नवा नाही. एका बचत गटाने दोन फळ्या मिळून चालवल्या तर खर्च वाटला जातो आणि पाच-सहा घरांची रोपे एका वेळी तयार होतात. भाताचे आवण कोणी विकत आणत नाही, कारण ते वेळेवर मिळेल यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. भाजीच्या रोपाबाबत तोच सावधपणा बाळगायचा, तर पंधरा दिवस चार ट्यूब जळू देणे ही फार मोठी किंमत नाही.