बोहाड्याची संहिता

शिरीष पै यांच्या लेखनामुळे हायकू मराठीत रुजला आणि मराठीच्या अभ्यासकाला जपानी काव्याची ओळख झाली. जपानमधील विधिनृत्यांकडे मात्र त्याचे फारसे लक्ष गेले नाही. ते गेले असते, तर जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्याचा विचारही कदाचित निराळ्या रीतीने झाला असता.

जव्हारजवळचे दाभोसा बाहेरच्यांना लेंडी नदीवरील धबधब्यामुळे ठाऊक आहे. या डोंगराळ मुलखात होळीनंतरच्या दिवसांत बोहाडे होतात. रात्री टेंभ्यांच्या उजेडात, संबळ-पिपाणीच्या साथीने देवदानवांची सोंगे नाचत येतात. प्रारंभी गणपती व सरस्वती येतात. अखेरीस देवी व महिषासुर यांचे युद्ध होते. अनेक गावांत विशिष्ट सोंगाचा मान विशिष्ट घराण्याकडे चालत आलेला असतो.

क्यूशू बेटावरील ताकाचिहो हेही धबधब्यासाठी प्रसिद्ध असलेले गाव. तेथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात रात्रभर चालणारा कागुरा होतो. देवांना पाचारण करून गावकरी ३३ नृत्ये क्रमाने सादर करतात. गुहेत दडलेल्या आमातेरासू या सूर्यदेवतेला बाहेर आणण्याची कथा त्यांत मुखवट्यांनिशी साकारते. जपानने १९५० साली सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा केला, १९७५ च्या दुरुस्तीने लोकविधींच्या संरक्षणाला बळ दिले आणि १९७८ साली ताकाचिहोच्या कागुराला राष्ट्रीय मान्यता दिली.

मराठीतील लोकसाहित्याचा विचार मुख्यतः शब्दाभोवती फिरत राहिला. ओवी, गीत, कथा हाती आली की तिचे संकलन होते. बोहाड्यात संवाद अल्प. म्हणून तो 'सोंगांची करमणूक' एवढ्यावर सोडून दिला जातो. वस्तुतः सोंगांचा क्रम, पदन्यास, संबळाचा बदलता ठेका आणि घराण्यांचा मान हीच त्याची संहिता होय. मुखवटा संग्रहालयात ठेवल्यास वस्तू टिकेल. संहिता लुप्त होईल.

नोंदीमुळे विधी गोठतो, असा आक्षेप घेतला जाईल. तो सर्वस्वी अनाठायी नाही. म्हणूनच नोंद करताना मानकरी घराण्यांची संमती घ्यावी आणि कोणत्याही एका गावाचा बोहाडा प्रमाण मानू नये. पाठभेदांची नोंद ठेवण्याची शिस्त संतसाहित्याच्या अभ्यासाने मराठीला दिलेलीच आहे.

हायकूच्या तीन ओळींतील मौन ज्या अभ्यासकाला अर्थपूर्ण वाटले, त्याने बोहाड्याच्या मितभाषी रात्रीलाही संहितेचा दर्जा देण्यास कचरू नये.