पाहुण्यांना जेवू घालणारे शहर

वेरूळ आणि अजिंठ्यासाठी येणारा प्रवासी छत्रपती संभाजीनगरात मुक्काम करतो आणि बहुधा जुने शहर न पाहताच परततो. त्याला एकट्याला दोष देता येणार नाही. नव्या वसाहतींत राहणाऱ्या आपल्यापैकी किती शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी भडकल दरवाजापासून गुलमंडीपर्यंत सावकाश पायी गेले आहेत? या पायपिटीला शनिवार-रविवारची सुट्टी पुरेशी आहे. खर्च म्हणावा तर जेवणाचाच.

प्रारंभ भडकल दरवाजाशी करावा. हबसाणात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, त्याने १६१० मध्ये खडकी येथे नगर वसविले. मोगलांवरील विजयाच्या स्मरणार्थ १६१२ मध्ये हा दरवाजा उभा राहिला. मालोजी, खेलोजी, परसोजी व विठोजी या मराठा सरदारांच्या नावांचे पुरेही याच नगरात वसले. परक्या ठिकाणाहून आलेल्या माणसांचे हे नगर होते. त्यांची तहान भागविल्याखेरीज ते टिकणार नव्हते. म्हणूनच डोंगरातील पाणी भूमिगत नहरीने शहरात आणण्याचा उद्योग अंबराने केला.

अठराव्या शतकात अशाच नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरू लागली. बुखाऱ्याकडून आलेले सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील हे यंत्र शोभेसाठी उभारलेले नव्हते. खापरी नळांतून आलेले पाणी उंचावरून पात्यांवर पडे, जाते फिरे आणि त्या पिठावर फकिरांची व यात्रेकरूंची भूक भागे.

जुन्या शहरातील नान-खलिया हाही याच परंपरेतला. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादेस हलविली, तेव्हा सैन्याच्या मुदपाकखान्यातून हा पदार्थ आला, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी मानली नाही, तरी पदार्थाची घडण मोठ्या पंगतीची आहे, हे उघड दिसते. हळदीने पिवळसर झालेले नान तंदुरात भराभर भाजायचे आणि एकाच मोठ्या देगेत मटणाचा खलिया शिजवायचा, की शेकडोंचे जेवण होते. सामिष न खाणाऱ्यांनी विन्मुख होण्याचे कारण नाही. सुपारी हनुमानाचे दर्शन घेऊन गुलमंडीवरची इम्रती खावी. दर्गा, देऊळ, भट्टी आणि कढई यांतील अंतर येथे काही पावलांचे आहे, मनातील अंतर मात्र आपण उगाच वाढवून ठेवले आहे.

येथे एक गंभीर प्रश्न उभा राहतो. नानची भट्टी आजही पेटते, कारण लग्नकार्यात तिला मागणी आहे. नहरी मात्र निकामी होत गेल्या, कारण जायकवाडीचे पाणी नळाला आल्यावर त्यांची गरज कोणाला वाटेनाशी झाली. आणि याच शहराला अलीकडच्या वर्षांत नळाच्या पाण्यासाठी अनेक दिवस वाट पाहावी लागली! उतारावरून आपोआप वाहणारे पाणी आजच्या लोकसंख्येला पुरणार नाही हे खरे; परंतु बागांना, आवारांना ते उपयोगी पडू शकेल. दरवाजांना रंग देणे म्हणजे वारसा जपणे नव्हे. नहरींची पाहणी, त्यांवरील अतिक्रमणांची नोंद आणि शक्य तेथे दुरुस्ती हे महापालिकेचे कर्तव्य आहे.

या नगराचे नाव खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर असे बदलत गेले. नावाविषयी आपण पुष्कळ बोललो. नगराविषयी अजून पुरेसे जाणून घेतलेले नाही. शाळा-महाविद्यालयांनी वर्षातून एक शनिवार तरी विद्यार्थ्यांना या रस्त्यांवरून न्यावे. पाणी कोठून येत होते आणि पीठ कोणासाठी दळले जात होते, हे ज्याने पाहिले तो विद्यार्थी शेजारच्या मोहल्ल्याला परका मानणार नाही, अशी आशा बाळगावयास हरकत नाही.