कुबड्या खाली ठेवल्यावर

पोलिओच्या रविवारी लेकराला दोन थेंब पाजून, त्याच्या करंगळीला शाई लावून घरी परतणाऱ्या आयाबहिणी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. ही मोहीम आपल्या देशात १९९५ साली सुरू झाली आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले. पण आमच्या लहानपणी चाळीचाळीतून पोलिओने पाय गेलेला एखादा तरी मुलगा असायचाच. आईबापांनी ठेवलेले त्याचे नाव फार थोड्यांना ठाऊक असे. सगळे त्याला 'लंगड्या' म्हणूनच हाक मारीत. आम्हीही मारली आहे. ते आधी कबूल करतो आणि मगच आजची हकीकत सांगायला घेतो.

ही हकीकत एका न्हाव्याच्या मुलाची आहे. आपल्याकडे न्हावी म्हटले की जात डोळ्यांपुढे येते. तिकडे तो नुसता धंदा. पण हातावर पोट असलेलाच धंदा! चाईम आणि शोशाना पर्लमन हे ज्यू जोडपे. दोघेही पोलंडमधून पॅलेस्टाईनात आले आणि तेथेच त्यांचे लग्न झाले. जे नातेवाईक आणि शेजारी पोलंडमध्ये मागे राहिले, त्या लाखो ज्यूंचे हिटलरच्या राजवटीत काय झाले ते वाचकांना सांगायला नको. तेल अवीव शहरात ३१ ऑगस्ट १९४५ रोजी या जोडप्याला मुलगा झाला. त्याचे नाव इत्झाक.

तीन वर्षांचा असताना इत्झाकने रेडिओवर व्हायोलिन ऐकले आणि आपल्याला हेच वाजवायचे म्हणून हट्ट धरला. आईबाप त्याला संगीत शाळेत घेऊन गेले. शाळेने सांगितले, पोर फार लहान आहे, वाद्य हातात धरता येणार नाही. मग घरी खेळण्यातले व्हायोलिन आले, आणि त्यावर तो स्वतःच सूर शोधू लागला. पुढे चौथ्या वर्षी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. पोलिओची लस जगात आली ती १९५५ साली. म्हणजे हे सारे तिच्या सहा वर्षे आधी घडले.

अशा वेळी घरात काय बोलणे होते ते आम्हाला ठाऊक आहे. जीव वाचला हेच पुष्कळ. आता त्याला कशाला त्रास द्यायचा, बसू दे घरात, आपण आहोत तोवर खाऊ घालू. हे बोलणे मायेपोटीच असते. पण मुलाला कायमचे कोपऱ्यात बसवते तेही हेच बोलणे. पर्लमनच्या घरात तसे घडले नाही. पायांना लोखंडी पट्ट्या आणि काखेत कुबड्या घेऊन मुलगा शिकायला जाऊ लागला आणि रोज तासन् तास रियाज करू लागला. पाय अधू म्हणून रियाजात सूट मिळाली नाही. रियाजाचा आपल्याला मनापासून कंटाळा होता, हे त्यांनी मोठेपणी हसत हसत सांगितले आहे. आमच्या मते त्या घरातली मोठी गोष्ट हीच. इतर मुलांना जसे रागावून बसवतात तसेच त्यालाही बसवले!

व्हायोलिन आपल्याला अगदीच परके नाही. जुन्या हिंदी चित्रपटांतल्या गाण्यांमागे व्हायोलिनचा ताफा असे आणि त्यात गोव्याचे कितीतरी वादक असत. पण पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातला एकल वादक वेगळा. मागे सत्तर-ऐंशी वादकांचा वाद्यवृंद, शेजारी हातात काठी घेतलेला संचालक, आणि पुढे हा एकटा. समोर कागद नाही. अर्धाअर्धा तास चालणारी रचना तोंडपाठ. आणि रिवाज असा की एकल वादकाने उभे राहूनच वाजवायचे. इत्झाकला उभे राहून वाजवणे शक्य नव्हते. तो बसून वाजवू लागला.

१९५८ साली अमेरिकेतील एड सुलिव्हन यांच्या टेलिव्हिजन कार्यक्रमासाठी त्याची निवड झाली. वय तेरा. मेंडेल्सोन या जर्मन संगीतकाराच्या व्हायोलिन रचनेचा भाग त्याने वाजवला आणि घराघरांतून तो लाखो लोकांनी पाहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या गजासाठी किती आणि कुबड्यांसाठी किती? हा प्रश्न पुढे कितीतरी वर्षे त्याचा पाठलाग करीत राहिला.

कार्यक्रम झाला, पण मायलेक न्यूयॉर्कमध्येच राहिले. जुलियार्ड या नामांकित संगीत विद्यालयात इव्हान गलामियन आणि डोरोथी डिले हे दोन शिक्षक त्याला लाभले. गलामियन कडक शिस्तीचे; डिले बाईंची तऱ्हा निराळी. त्या सांगण्यापेक्षा विचारत जास्त, की हा सूर तुला कसा वाटला, असे का वाजवलेस? पैशांची चणचण होतीच. संस्थांच्या देणगीच्या जेवणावळींत पाहुण्यांपुढे वाजवून मुलगा चार पैसे मिळवी. वादनाविषयी कोणाला शंका नव्हती. पण कुबड्यांवर चालणारा हा पोरगा गावोगाव, देशोदेशी फिरून मैफली कशा करणार, असे जाणती माणसेही म्हणत. म्हणजे अडसर हाताचा नव्हता. लोकांच्या नजरेचा होता.

१९६३ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पहिली मोठी मैफल झाली. पुढच्याच वर्षी त्याने लेव्हेन्ट्रिट ही त्या काळातली फार मानाची स्पर्धा जिंकली. तेव्हाचा एक किस्सा आहे. स्पर्धेसाठी विद्यालयाने उसने दिलेले, मोठ्या किमतीचे जुने ग्वार्नेरी बनावटीचे व्हायोलिन स्पर्धेनंतर चोरीला गेले! सापडले ते गहाण-दुकानात. गरिबाच्या घरचे दागिने जेथे जातात, तेथेच.

याच सुमारास संगीताच्या एका उन्हाळी शिबिरात त्याचे वादन ऐकून टोबी नावाची एक विद्यार्थिनी रंगमंचामागे गेली आणि तिने थेट लग्नाचे विचारले. ती स्वतः व्हायोलिन शिकत होती. १९६७ साली दोघांचे लग्न झाले. पाच मुले झाली. आमच्या भगिनींनी एवढेच ध्यानात घ्यावे की तिला मागणी घालावीशी वाटली ती वादन ऐकून, पाय पाहून नव्हे.

वर्तमानपत्रांचे मात्र तसे नव्हते. सुरुवातीची कित्येक वर्षे समीक्षक आधी कुबड्यांविषयी लिहीत, मग संगीताविषयी. पर्लमन यांना हे खुपत असे. हळूहळू तो उल्लेख मागे पडला. आजही त्यांच्या मैफलीत ते स्वतः चालत किंवा चाकांच्या छोट्या गाडीवरून येतात. व्हायोलिन दुसरा कोणी आणून देतो. ते खुर्चीत बसतात, कुबड्या असल्या तर खाली ठेवतात, आणि सूर निघाला की त्या कुबड्यांकडे कोणाचे लक्ष राहत नाही.

१९९३ साली 'शिंडलर्स लिस्ट' हा ज्यूंच्या संहारावरील चित्रपट आला. त्यातले ते काळीज कापणारे व्हायोलिन पर्लमन यांचे आहे. संगीत जॉन विल्यम्स यांचे. त्यांना ऑस्कर मिळाले. पोलंड सोडून आलेल्या आईबापांच्या मुलाने पोलंडमधल्या मृतांसाठी वाजवले, यावर आम्ही अधिक काय लिहावे?

१९९४ साली ते इस्रायलच्या वाद्यवृंदाबरोबर भारतातही येऊन गेले. संचालक होते आपल्या मुंबईत १९३६ साली जन्मलेले झुबिन मेहता. त्यांचे वडील मेहली मेहता हेही व्हायोलिनवादकच.

पर्लमन यांची एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. १९९५ साली मैफल चालू असताना एक तार तुटली आणि त्यांनी उरलेल्या तीन तारांवर सबंध रचना वाजवली म्हणे! आम्हालाही ती कोणीतरी डोळ्यांत पाणी आणून सांगितली होती. पण त्या दिवसांतल्या कोणत्याही वर्तमानपत्रात तिचा मागमूस सापडत नाही. अपंग माणसाने चमत्कार केलाच पाहिजे, अशी आपली अपेक्षा असते की काय कोण जाणे. खरी गोष्ट फारच साधी आहे. सावकाश रियाज करा, असे ते विद्यार्थ्यांना सांगतात. घाईने शिकलेले घाईने विसरते.

मानसन्मान पुष्कळ झाले. २०१५ साली अध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. पण त्याच्या आदल्याच वर्षी टोरांटोच्या विमानतळावर मदतीला दिलेली बाई दुसऱ्या प्रवाशाचे काम आहे म्हणून या जगप्रसिद्ध वादकाला सामान, कुबड्या आणि व्हायोलिनसकट वाटेतच सोडून गेली. नंतर विमान कंपनीने माफी मागितली. सभागृहांच्या पायऱ्यांविषयी, कचरा वाहून नेणाऱ्या लिफ्टमधून वर न्यावे लागणाऱ्या कलावंतांविषयी पर्लमन वर्षानुवर्षे बोलत आले आहेत. त्यांचे म्हणणे सरळ आहे. आम्हाला दया नको, दार द्या आणि चढण द्या.

हे लिहायला घेतल्यावर परवा आम्ही आमच्या भागातल्या एका समाजमंदिराच्या पायऱ्या मोजल्या. अकरा भरल्या. चढण नाही, कठडाही एकाच बाजूला. आमच्या चाळीतला तो मुलगा पुढे पेटी उत्तम वाजवू लागला, हे आम्हाला फार उशिरा कळले. कार्यक्रमाच्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ त्याला पाठुंगळी घेऊन वर नेत असे, आणि पेटी नेण्यासाठी पुन्हा खाली येत असे. त्याचे नाव प्रभाकर होते.