प्यालास? तरी गोळी घे!

दिवाळी झाली की आमच्या देवगाव फाट्यावरून ऊसतोडीच्या गाड्या जायला लागतात. वर भांडी, सरपण, पोरं, शेरडं. पाच-सहा महिने आता कारखान्याजवळच्या कोपीत. यांत बंजारा असतात, आंध असतात, पारधी असतात. कुणाच्या तरी गाठोड्यात, कपड्यांच्या तळाशी, एचआयव्हीच्या गोळ्यांची डबीही असते.

या माणसाला आपण काय सांगतो? "पितोस ना, मग औषधाचा काय उपयोग? आधी दारू सोड." शेजारी सांगतात, नातेवाईक सांगतात, कधीकधी दवाखान्यातलेही सांगतात. सांगणाऱ्याला वाटतं आपण भलं केलं. आणि दिवसभर फडात वाकून संध्याकाळी क्वार्टर मारणारा माणूस दारू सोडत नाही, गोळी सोडतो! दोन्ही पोटात गेलं तर विष होईल म्हणून. अमेरिकेत सेथ कॅलिचमन यांनी यावर अभ्यास केलेत. तिथेही प्यायच्या दिवशी लोक मुद्दाम गोळी टाळतात.

तर स्पष्टच लिहितो. सरकारी एआरटी केंद्रात आज बहुतेक मोठ्या माणसांना मिळते ती टेनोफोविर, लॅमिवुडिन, डोलुटेग्राविर यांची मिळून एकच गोळी. दिवसातून एकदा, जेवणाआधी नाहीतर नंतर. दारूने तिचं विष होत नाही. दारू लिव्हर खाते, गोळीचा विसर पाडते, हे खरं आहे आणि सांगायलाच हवं. पण गोळ्या चुकत गेल्या की विषाणू वाढतो आणि पुढे औषधाला दाद देईनासा होतो. मग पहाटे फडावर निघताना चहाबरोबर घे, एवढं सांगायला काय जातं? (जुनी इफाविरेंझवाली गोळी झोपताना घ्यायची असे. म्हणजे नेमकी दारूच्या वेळेला!)

दुसरी गंमत हिशोबाची. 95 टक्के गोळ्या घेतल्या तर पेशंट चांगला. तिसातल्या दोन चुकल्या की गेला खाली. चांगल्याला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात, चुकणाऱ्याने दर महिन्याला यायचं. म्हणजे जो उचल फिटेपर्यंत मुकादमाच्या हातात अडकलाय, हेलपाटा त्यालाच. मग कागदावर शेरा पडतो, पेशंट येत नाही. आणि पारावर शेरा पडतो, ती जातच तसली. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्मापासून गुन्हेगाराचा शिक्का मारला होता, तो 1952 ला पुसला म्हणतात. असो.

नशेबाजाला औषध लागू पडत नाही म्हणणाऱ्यांनी मणिपूरकडे बघावं. चुराचांदपूरसारख्या आदिवासी डोंगरी भागात हेरॉइनच्या सुयांमधून एचआयव्ही पसरला. तिथे नशा सोडेपर्यंत दार बंद ठेवलं नाही. स्वच्छ सुया दिल्या, ब्युप्रेनॉर्फिन दिलं, माणूस आहे तसा आत घेतला. तेही सरकारी कार्यक्रमातूनच. मग ऊसतोड्यालाच सोवळं का?

गाड्या भरायच्या आधी त्याला तीन महिन्यांच्या गोळ्या द्या. कारखान्याजवळचं एआरटी केंद्र कुठलं ते त्याच्या हिरव्या पुस्तिकेत लिहून द्या. दारूवरचं प्रवचन त्यानंतर खुशाल करा.