तलवारीच्या तिर्रीचं काय?

रविवारच्या पुरवणीत टॅरोचं भविष्य दिसलं की चित्रकला शिकवण्यात जन्म गेलेल्या माझ्यासारखीची चिडचिड होते. राग भविष्यावर कमी, चित्राकडे कुणी धड बघत नाही यावर जास्त.

टॅरो हा मुळात पत्त्यांचा डाव. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तो रंगायचा: चार रंगांचे ५६ पत्ते, वर २२ चित्रपत्ते, त्यांतला विदूषक सोडला तर बाकी सगळे कायमचे हुकूम. मेंढीकोट खेळणाऱ्याला आणखी काय समजवायचं? भविष्याचं खूळ अठराव्या शतकातलं, तेही फ्रान्समधलं. १७८१ साली कूर द जेबलँ नावाच्या गृहस्थांनी ही प्राचीन इजिप्तची विद्या असल्याचं ठोकून दिलं.

मिलानच्या ड्यूकसाठी १४५० च्या सुमारास रंगवलेला कॅट बघा. तो बोनिफाचो बेंबोच्या हातचा मानतात. पत्ता सुमारे १७ सेंटिमीटर उंच, हातात पंख्यासारखा धरायला अवघडच. चित्रपत्त्यांवर सोन्याचा वर्ख, वर्खावर ठशांनी उठवलेली बारीक नक्षी. पत्ता जरा कलला की ती चमकणार. हुकमांवर आकडा नाही, नाव नाही. क्रम खेळणाऱ्यानेच पाठ करायचा.

सम्राज्ञीच्या झग्यावर एकात एक अडकलेल्या अंगठ्या आहेत. ते स्फोर्झांचं चिन्ह. फ्रान्चेस्को स्फोर्झा भाडोत्री सेनापती, आधीच्या व्हिस्कोंती ड्यूकचा जावई, १४५० मध्ये ड्यूक झालेला. नव्या गादीची द्वाही पत्त्यांतूनही फिरत होती.

आणि तो उलटा टांगलेला तरुण. भविष्यवाल्यांना त्यात त्याग दिसतो, नवी दृष्टी दिसते. इटलीत त्या पत्त्याला सरळ ‘गद्दार’ म्हणत. गद्दारांची अशी उलटी चित्रं चव्हाट्यावर रंगवून त्यांची बेअब्रू करायची तिथे रीतच होती. १४१२ मध्ये रोममध्ये फ्रान्चेस्कोच्या बापाचंच, मुत्सिओचं, असं चित्र झळकलं होतं! मुलाच्या कॅटातला तरुण मात्र हात पाठीमागे घेऊन निवांत लटकतो, चेहऱ्यावर वेदनेची रेघ नाही. हा पत्ता हाती आला की ड्यूकसाहेब काय करत असतील?

७८ पैकी ७४ पत्ते उरलेत: ३५ न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत, २६ बेर्गामोच्या कर्रारा अकादमीत, १३ खासगी संग्रहात. सैतान आणि मनोरा गायब आहेत, म्हणून लोक गूढकथा रचतात. तलवारीची तिर्रीही गायब आहे. तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.